एका ज्योतीचे दोन आकडे

संस्थेत तिला सगळे आत्या म्हणायचे. फाटकावरच्या रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळेच. त्याला कारण तिची भाची. वर्षातून एकदा संस्था लोकांना पाहायला खुली असायची. तसल्याच एका दिवशी प्रयोगशाळेत ही गर्दी उसळलेली. आत्या यंत्रापुढं उभी राहून समजावून सांगत होती, एवढ्यात रांगेच्या शेपटाकडून दुधाचे दात पडलेल्या तोंडातून खणखणीत आवाज आला, "आत्या, मला काहीच दिसत नाहीये!" अख्खी खोली हसली. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आत्या, हायड्रोजनचं सिलिंडर कुठं ठेवू?" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. भाची पुढं कॉलेजात गेली, पण आत्या संस्थेची झाली ती झालीच.

ती तिथं लागली होती भिंगं पुसायला. म्हणजे कागदोपत्री हुद्दा बरा होता, पण पहिली दोन-तीन वर्षं काम तेच. नोकरी तात्पुरती होती. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, या सगळ्यात लग्नाचं राहून गेलं. आणि एकदा राहून गेल्यावर त्याची तिला फारशी आठवणही होईना. तात्पुरती नोकरी कायमची झाली, आणि भिंगं पुसता पुसता ती भिंगातून पाहायला शिकली. नोकरी करत करतच पुढच्या परीक्षा दिल्या. पन्नाशीला पोचली तोवर संस्थेत प्रकाशाच्या मोजमापाचं काही अडलं की लोक तिच्याच दाराशी यायचे.

तळमजल्यावर कोपऱ्यातली खोली तिची. खोलीच्या मधोमध टेबलावर एक बारीक नळी उभी, आणि नळीच्या तोंडातून पेन्सिलीतल्या शिशाइतकी बारीक, पांढुरकी-जांभळी ज्योत वर यायची. ही ज्योत साधी नव्हे. आर्गॉन वायूतून वीज अशी खेळवायची की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊन मोकाट फिरायला लागतात. त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. ही ज्योत फिरवून दवाखान्यातली नाजूक उपकरणं निर्जंतुक करायची, असा संस्थेचा बेत होता. पण ती किती दमाची आहे हे ठरायला एक गोष्ट कळावी लागते: एवढ्याशा जागेत सुटे इलेक्ट्रॉन किती? त्यालाच घनता म्हणायचं. आता ज्योतीत हात घालून इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत. आत्या ते नुसतं बघून मोजायची.

कसं, ते तिनं एकदा वहिनीला भांडी विसळता विसळता सांगितलं होतं. वहिनी म्हणजे धाकट्या भावाची बायको. आत्या त्यांच्याकडेच राहायची, आणि दोघींचं मेतकूट असं की भावाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं.

"मी त्या ज्योतीत चिमूटभर हायड्रोजन सोडते," आत्या म्हणाली. "हायड्रोजन तापला की त्याचे ठरलेले रंग देतो. एक लाल, एक मोरपंखी. यंत्रातून पाहिलं की प्रत्येक रंगाची एक बारीक रेष दिसते. पडद्यावर तिचा सुळका उमटतो. पण त्या अणूच्या आजूबाजूला विजेच्या कणांची गर्दी असली ना, की ते त्याला इकडून तिकडून ढोसतात. मग तो बिचारा आपला रंग नेमका देऊ शकत नाही. जरा अलीकडे, जरा पलीकडे असा देतो. रेष जाड होते. जितकी गर्दी तितकी रेष जाड."

वहिनीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे ताई, तुम्ही आयुष्यभर रेघेची कंबर मोजताय होय?"

"अगदी बरोबर. सुळक्याच्या निम्म्या उंचीवरची."

"लोकांच्या कंबरा मोजल्या असत्या तर एव्हाना शिवणकामाचं दुकान निघालं असतं," वहिनी म्हणाली, आणि दोघी पाण्याचा नळ तसाच सोडून हसत सुटल्या.

तर असं सगळं मजेत चाललं असताना संस्थेत लेसरवाले आले.

दुसऱ्या एका संस्थेतून त्यांची बदली झाली होती. पंचावन्नच्या पुढचे, उंच, किंचित वाकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. त्यांचंही काम तेच: त्याच ज्योतीतले इलेक्ट्रॉन मोजायचे. पण रीत निराळी. ते ज्योतीतून हिरव्या लेसरचा झोत मारायचे. सुटे इलेक्ट्रॉन त्यातला अगदी थोडा प्रकाश बाजूला उडवतात. तो उडालेला प्रकाश किती, त्यावरून इलेक्ट्रॉन किती. संचालकांचं म्हणणं, दोन रीतींनी एकच उत्तर आलं की जगात कुणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही.

पहिल्याच दिवशी खटका उडाला. सगळ्यांसारखं तुम्हीही यांना आत्या म्हणा, असं कुणीतरी त्यांना सुचवलं.

"मी?" लेसरवाले म्हणाले. "अहो, मी यांच्यापेक्षा मोठा दिसतोय. मी यांना आत्या म्हणायचं म्हणजे माझं वय कुठं नेऊन ठेवायचं? मी बाई म्हणेन."

"म्हणा की," आत्या म्हणाली, "पण माझ्या टेबलावर तुमच्या यंत्राच्या वायरी नकोत."

सुरुवातीला त्यांनी तिच्या सकाळच्या वेळात येऊन, ज्योत चालू असताना लेसरची वाट नीट बसवून घेतली. केसाएवढा बारीक झोत बरोबर ज्योतीच्या गाभ्यातून जायला हवा. मग वेळा वाटून घेतल्या. त्यांना मिट्ट काळोख लागायचा आणि हिच्या संगणकाचा उजेड चालायचा नाही. त्यांचा लेसर लखलखला की हिच्या यंत्राच्या डोळ्यापुढं अंधारी यायची. म्हणून सकाळ तिची, दुपार त्यांची.

आणि आकडे आले. आत्याचा आकडा लेसरवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट.

आधी दोघं सभ्यपणे वागली. "होतं असं, पुन्हा बघू." पुन्हा पाहिलं. पुन्हा दुप्पट. मग सभ्यपणा पातळ होत गेला.

"बाई, तुमच्या रेषेला आणखी कशानं सूज आलीय का बघा. अणू धावतात त्यानं येते, शेजारच्या आर्गॉनच्या धक्क्यानं येते."

"ती मी रोज वजा करते, दात घासावेत तशी. तुम्ही तुमचा प्रकाश सांडतोय का बघा. अर्धे इलेक्ट्रॉन वाटेतच गळाले असतील."

चहाच्या खोलीत लोक मुद्दाम रेंगाळायला लागले. लेखा विभागातल्या माणसाला इलेक्ट्रॉन कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण भांडण कुठवर आलं ते तो रोज विचारून जायचा. आत्या घरी येऊन चप्पल काढता काढताच सुरू व्हायची. "आज काय म्हणाला असेल सांग तो माणूस!" मग वहिनी गॅस बारीक करून कान द्यायची. चांगला एक हंगाम हे ऐकल्यावर वहिनी भावाला हळूच म्हणाली, "ताई गेल्या कित्येक वर्षांत कुणाबद्दल इतकं बोलल्या होत्या का?" भावानं वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. "कुणाशी इतक्या भांडल्याही नव्हत्या," तो म्हणाला. वहिनी गालातल्या गालात हसली.

शेवटी संचालकांनी दोघांना बोलावलं. शांत माणूस, पण टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

"दवाखानेवाले विचारताहेत," ते म्हणाले. "मी त्यांना काय सांगू? आमच्याकडे एक ज्योत आहे, पण आकडे दोन आहेत, आवडेल तो घ्या?"

पेपरवेटनं एक गिरकी घेतली.

"एकाच वेळी मोजा. एका खोलीत, एकत्र. जमत नाही हे मला सांगू नका. जमवा."

जमवायलाच आठवडा गेला. संगणकाच्या पडद्याला आत्यानं काळ्या कापडाचा बुरखा शिवला. तोंड आत घातलं तरच आतलं दिसणार. लेसरवाल्यांनी आपल्या झोताच्या वाटेला पुठ्ठ्याचे बोगदे केले. दोघांनी नारिंगी काचांचे चष्मे चढवले. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "वेल्डिंगच्या दुकानात मालक शोभाल," ती म्हणाली. "आणि तुम्ही मालकीणबाई," ते बोलून गेले, आणि मग स्वतःच इतके गोंधळले की स्क्रू ड्रायव्हर शोधायचं निमित्त करून टेबलाखाली वाकले. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खिशातच होता. आत्याला तो दिसत होता.

ज्योत पेटवली. आत्यानं बुरख्यात डोकं घातलं. मोरपंखी रेषेचा सुळका छान ठसठशीत उभा होता. लेसरवाल्यांनी आपल्या सवयीप्रमाणे दिवे मालवले, दार लावलं, आणि भिंतीवरचं आणखी एक बटण दाबलं. डोक्यावरची घरघर थांबली.

बुरख्याच्या आत आत्याचा सुळका एकदम खुजा झाला.

"अहो! काय केलंत?"

"काही नाही. एक्झॉस्टचा पंखा बंद केला."

"चालू करा बघू."

घरघर सुरू झाली. सुळका पुन्हा उभा.

"बंद करा." सुळका बसला. "चालू." उभा राहिला.

"बाई, माझ्याकडून कवायत करून घेताय का?"

"इकडं या," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "या आधी, आत डोकं घाला."

एकाच बुरख्यात दोन डोकी काही नीट मावेनात. तरी मावली. तिनं हात लांबवून बटण दाबलं, आणि दोघांनी मिळून सुळका बसताना पाहिला.

आत्या सकाळी काम करताना गरम हवा ओढून घ्यायला छतातला एक्झॉस्ट चालू ठेवायची; तिला उकाडा सोसत नसे. त्या ओढीनं ज्योत एका बाजूला कणभर झुकायची. डोळ्यांना कळणारही नाही एवढीच. तिचं भिंग त्या झुकलेल्या ज्योतीवर बसवलेलं. लेसरवाले मात्र दुपारी एक्झॉस्ट बंद करायचे, कारण वाऱ्यानं धूळ उडते आणि धुळीचा एक कण जरी झोतात आला तरी काजव्यासारखा चमकून हिशेब नासवतो. एक्झॉस्ट बंद, की ज्योत सरळ. आणि त्यांच्या लेसरची वाट बसवलेली होती सकाळी, हिच्या वेळात, झुकलेल्या ज्योतीवर!

"म्हणजे," लेसरवाले सावकाश म्हणाले, "इतके दिवस माझा झोत गाभ्यातून जातच नव्हता. कडेकडेनं जात होता. विरळ भागातून."

"हो."

"म्हणजे माझे अर्धे इलेक्ट्रॉन खरंच गळत होते."

आत्याच्या जिभेवर एक टोमणा अगदी तयार होता. पण त्यांचा चेहरा, त्या नारिंगी चष्म्याखालचा, मार्क कमी पडलेल्या शाळकरी मुलासारखा उतरला होता. तिनं टोमणा गिळला. "चला, परत बसवू या वाट," ती म्हणाली. "मी एक्झॉस्टला जाळी लावून त्याची ओढ कमी करते. मला थोडं उकडलं तर उकडलं."

नव्यानं वाट बसवली, नव्यानं मोजलं. लेसरचा आकडा चांगलाच वर चढला. आता दोन्ही आकडे एकमेकांना हाक ऐकू जाईल इतके जवळ आले होते, पण गळाभेट काही होत नव्हती. आत्याचा अजूनही जास्तच होता.

लेसरवाले काहीच बोलले नाहीत. तेच आत्याला जास्त लागलं. भांडले असते तर तिनं भांडून घेतलं असतं. ती घरी गेली, भाचीच्या अभ्यासाच्या टेबलाशी नुसतीच बसून राहिली, आणि सकाळी उजाडताच संस्थेत पोचली. तिनं पाऱ्याचा दिवा लावला. पाऱ्याच्या रेषा इतक्या बारीक असतात की पडद्यावर त्यांची जी काही जाडी दिसते ती यंत्राची स्वतःची; आणि तेवढी प्रत्येक मोजमापातून वजा करावीच लागते. तीही ती वजा करतच होती. फक्त पाऱ्याचा दिवा तिनं शेवटचा कधी लावला होता, ते आठवेना.

पाऱ्याची रेष पडद्यावर आली. चांगली गुबगुबीत!

आत्यानं यंत्राची उजेड आत घेणारी पुढची फट पाहिली, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागं एकदा हायड्रोजन संपत आला होता, नवं सिलिंडर यायला वेळ होता, रेष फिकट दिसत होती. तेव्हा उजेड जास्त यावा म्हणून तिनंच फट मोठी केली होती. सिलिंडर आलं, ती कामाला लागली, फट तशीच राहिली. फट रुंद म्हणजे रेष आपोआप जाड. वजा मात्र ती जुन्या, बारीक फटीचीच जाडी करत होती.

लेसरवाले आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"तुमचे इलेक्ट्रॉन गळत होते," ती म्हणाली, "आणि माझे फुगले होते. मी फट उघडी टाकून बसले होते, इतके दिवस! आणि वर तुम्हाला शिकवत होते."

लेसरवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या गुबगुबीत रेषेकडे पाहिलं, आणि हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं लागलं. आत्याही हसायला लागली. बाहेरून जाणारा स्टोअरकीपर थबकला. त्या खोलीतून ओरडणं ऐकायची त्याला सवय होती. हे काहीतरी भलतंच होतं.

त्या दिवशी फट बारीक करून, दिव्याची नवी जाडी घेऊन, दोघांनी एकाच वेळी मोजलं. आत्यानं आपला आकडा फळ्याच्या या टोकाला लिहिला, त्यांनी आपला त्या टोकाला. मग दोघं मागं सरकून एकदम वळली. आकडे अगदी जुळे नव्हते, पण कुणीही बघितलं तर सख्खी भावंडं म्हणेल इतके सारखे होते. संचालकांना बोलावलं. त्यांनी फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, "चहा माझ्याकडून. बिस्किटांसकट." संस्थेत ही गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त गाजली.

संध्याकाळी दोघं एकदमच फाटकाबाहेर पडली. रस्त्यावरचे दिवे लागत होते. आत्यानं पर्समधून नखाएवढा पारदर्शक तुकडा काढला आणि डोळ्यापुढं धरला. त्यावर न दिसणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात. त्यातून पाहिलं की कुठल्याही दिव्याच्या कडेला त्याचे रंग पंख्यासारखे उलगडतात.

"रोज बघता?"

"रोज. ते औषधांचं दुकान बघा. त्याची पाटी अजून निऑनची आहे. लाल रेघाच रेघा. आणि पलीकडच्या चप्पलवाल्यानं परवा नवी पाटी लावलीय, सगळे रंग एकात एक मिसळलेले. मजा गेली तिची."

त्यांनी तुकडा घेतला. औषधांचं दुकान पाहिलं, चप्पलवाला पाहिला, बसचे दिवे पाहिले, केळेवाल्याच्या गाडीवरचा बल्ब पाहिला. मग तुकडा डोळ्यापुढून न काढताच म्हणाले, "बाई, आता आपले आकडे जुळले. उद्यापासून भांडायला काही कारण उरलं नाही."

"नाहीच."

"मला त्याचं जरा वाईट वाटतंय."

आत्या थांबली. रस्त्यावरची माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी जात होती. "मलाही," ती म्हणाली, आणि मग धीर करून, "पण कारणं शोधली तर सापडतील की."

"घरी शोधली तर?" ते म्हणाले. "माझ्या घरी. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. कायमचीच."

आणि तरीही तो तुकडा डोळ्यापुढंच. शेवटी आत्यानंच तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "माझ्याकडे बघून विचारा," ती म्हणाली. त्यांनी बघून विचारलं. तिनं हो म्हटलं.

घरी सांगायची तिची छाती होईना. जेवणं झाली, टेबल पुसून झालं, तरी ती तेच टेबल पुन्हा पुसत बसली. शेवटी वहिनीच म्हणाली, "ताई, ते काय म्हणाले ते सांगताय का मी सांगू?"

"तुला कसं कळलं?"

"अहो, आल्यापासून तुम्ही त्यांना एकही शिवी दिली नाहीत!"

भाची तर खुर्चीवरच चढली. भावानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, उठला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वहिनीनं त्याला रुमाल नेऊन दिला. मग डोळे पुसत तिनंच विचारलं, "पण आता ते तुम्हाला काय म्हणणार? बाई?"

"ते ठरायचंय," आत्या म्हणाली. "आज बसथांब्यापर्यंत त्यावर वाद चालला होता."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. लेसरवाल्यांची मुलगी आदल्या दिवशी आली आणि तासाभरात वहिनीशी तिची अशी गट्टी जमली की दोघींनी मिळून नवऱ्या मुलाला सदरा तीनदा बदलायला लावला. साक्षीदार म्हणून सही करायला संचालक आले. लेखा विभागातला माणूस न बोलावता आला आणि सगळ्यात पुढं उभा राहिला. अधिकारीबाईंनी रीतसर विचारलं, "दोघांची संमती आहे ना?" दोघं एकदमच "हो" म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारीबाई दचकल्या आणि मग त्याही हसल्या.

आता आत्या लेसरवाल्यांच्या घरी राहते. भावाचं घर दोन थांबे पलीकडे. वहिनीचा फोन आला नाही असा दिवस नाही. लेसरवाल्यांना रोज सकाळी पोहायला जायची सवय. आत्यानं जन्मात पाण्यात पाय घातला नव्हता. पहिले काही दिवस ती काठावर टॉवेल धरून बसायची आणि त्यांच्या हातपाय मारण्यात चुका काढायची. मग एके दिवशी भाचीनं तिला पोहायचा पोशाख आणून दिला, टोपीसकट. उथळ टोकाला, पाठीवर झोपवून, लेसरवाल्यांनी तिच्या मानेखाली हात धरला आणि म्हणाले, "अंग सैल सोडा. मी धरलंय." तिनं डोळे मिटले. जरा वेळानं डोळे उघडून पाहते तर ते चांगले हातभर लांब उभे होते, आणि ती पाण्यावर एकटीच तरंगत होती.

"अहो, मी तरंगतेय!" ती एवढ्यानं ओरडली की तलावातली सगळी माणसं वळून बघायला लागली. आणि ओरडण्याच्या नादात नाकातोंडात पाणी जाऊन ती बुडाली. वर आली तेव्हा खोकत होती, हसत होती, टोपी कानावर आली होती. "पुन्हा," ती म्हणाली, "पुन्हा सोडा बघू!"